माळ्यावरचं कोरं मडकं

दगडूतात्या कुंभार माठाला गाल लावायचा. बाकीचे लोक माठ बोटानं वाजवून बघतात, आवाज खणखणीत आला की उचलतात. तात्याला ते पटायचं नाही. "वाजती तर देवळातली घंटीबी. तिच्यातनं पाणी पितो का?" म्हणायचा. आव्यातून, म्हणजे भट्टीतून, माल निघाला की एकेक माठ पाण्यानं भरून तो दारातल्या लिंबाखाली ठेवायचा. तासाभरानं प्रत्येकापुढं उकिडवा बसायचा, डोळे मिटायचा आणि डावा गाल माठाच्या पोटाला टेकवायचा. गालाला ओल लागली की माठ उजवीकडं, नाही लागली की डावीकडं. डावीकडचे माठ पाण्यासाठी म्हणून त्यानं कधी कुणाला दिले नाहीत. त्यात बाया डाळी ठेवायच्या, नाहीतर कोंबडी अंड्यावर बसवायच्या.

त्यामुळं त्याच्या डाव्या गालावर कायम मातीचा डाग असायचा. लग्नाला आला तरी डाग. उजवा गाल सावळा आणि डावा तांबूस, असा माणूस.

मातीचं काम आणि नाव दगडू, यावर अख्खं गाव हसून झालं होतं. नवा माणूस भेटला की तात्या स्वतःच आधी सांगून टाकायचा, म्हणजे समोरच्याला मजा येऊ नये.

मी चौथी शिकलोय. हे लिहायचं माझं वय नाही आणि अक्कलही नाही. शेवंता, माझी बायको, जाऊन दोन वर्षं होतील. तात्याला जाऊन चार-पाच महिने झालेत. ही गोष्ट मी दोनदा तोंडानं सांगून बघितली, एकदा थोरल्या लेकीला, एकदा जावयाला. दोन्ही वेळा मी ती हळूच फिरवली, माझी बाजू बरी करून घेतली. कागदावर खोटं लिहायला मला जमत नाही, हात अडतो. म्हणून लिहितोय.

आमचं गाव येरमाळ्यापासून सायकलच्या टप्प्यात. तात्याच्या हातचं पाणी म्हणजे गार, हे तिथल्या स्टँडवर सगळ्यांना माहीत होतं. गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत तो स्टँडबाहेर झाडाखाली एक मोठा माठ मांडायचा. पाणपोई त्याची, पाणी त्याचं, माठ त्याचा. सावली सरकेल तसा माठ सरकवायचा. कुणी म्हणालं, तात्या, ओला बारदाना गुंडाळा की, अजून गार पडंल, तर त्याला राग यायचा. "मग ती कमाल बारदान्याची. माझी काय?"

माणूस पाणी प्यायला की तात्या त्याच्या तोंडाकडं बघत राहायचा. विचारायचा एकच, "कसं हाय?" समोरचा "गार" म्हणेपर्यंत त्याच्या हातातला गलास परत घ्यायचा नाही.

कळंबच्या गाडीचा एक कंडक्टर होता, चेष्टेखोर. घंटी मारायच्या आधी हमखास उतरायचा. "तात्या, तुमच्या पाण्यापायी गाडीला रोज उशीर होतोय. साहेबाला तुमचं नाव सांगणार हाय मी."

"सांगा. आन साहेबालाबी घेऊन या. त्याचं डोस्कं गार पडंल."

त्या झाडापासून हाकेच्या अंतरावर माझं चहाचं हॉटेल. रस्ता मोठा झाला, मोटारी थांबायला लागल्या, तसे मी तात्याचे पाच-दहा माठ दारात मांडून ठेवायला लागलो. तात्या सात वर्षांनी मोठा. मला अंकुशा म्हणायचा, मी त्याला अहोजाहो करायचो. माझ्या लग्नात बोहल्याची मडकी त्यानंच दिलेली. इथपर्यंत सगळं बरं होतं.

पुण्याच्या एका बाई माठ घेऊन गेल्या होत्या. पुढच्या खेपेला येडेश्वरीच्या दर्शनाला आल्या तेव्हा गाडीतून उतरून सांगायला लागल्या, "काका, माठ छान आहे हो, पण पाझरतो. आमच्या ओट्याखालचं लाकूड फुगलं. न पाझरणारा नाही का मिळत? आणि जरा रंगीत, डिझाइनचा असला तर हॉलमध्येच ठेवता येईल."

त्यांचं काही चुकलं नाही. कुंभाराचं काम त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला होतं. मी जन्मभर तात्याच्या माठातलं पाणी पीत आलेलो.

मी तात्याकडं गेलो. तो चाकावर होता.

"तात्या, शहरातल्या लोकांना पाझरणारा माठ नको."

"मग बादली घ्या म्हणावं."

"रंगीत पाहिजे. फुलं, मोर. ऑइलपेंट दिला की पाझर आपोआप बंद होतो. मी दुकानात विचारून आलोय."

त्यानं चाक थांबवलं नाही. "अंकुशा, मडकं म्हंजी भांडं न्हाय रं, कातडं हाय ते. घाम आला तर गार, न्हाय आला तर ताप. तुझ्या अंगाला लावू का ऑइलपेंट? पोटावर मोर काढतो झकास. आन बसवतो उन्हात."

मी हसलो. दारात त्याची सून लक्ष्मी उभी होती, ती हसली नाही. तिचा नवरा महादू कळंबला गवंड्याच्या हाताखाली जायचा, काम असलं तर असलं. ती म्हणाली, "मामा, मला चितारता येतंय. शाळेत रांगोळीत माझा पहिला नंबर असायचा."

तिथून पुढं मी तात्याकडं बघून बोलायचं सोडलं आणि लक्ष्मीकडं बघून बोलायला लागलो. सुनेला तो कधी नाही म्हणत नाही, हे मला माहीत होतं. माझी पहिली लबाडी ती.

माल उडाला, खोटं कशाला बोलू. मोराचे माठ, सूर्यफुलाचे माठ, 'वेलकम' लिहिलेले, तोटी लावलेले. लोक गाडी थांबवून फोटो काढायचे आणि दोन-दोन न्यायचे. तात्याच्या घरावर पत्र्यांच्या जागी स्लॅब आला, महादूची मजुरी सुटली. रंगानं त्या घरात सुख आलं हे पण खरं. ते मी लपवत नाही. उलट इतकी वर्षं मीच त्या सुखाच्या आड लपून बसलोय.

तात्या माठ घडवायचा, पण गाल लावायची गरज उरली नाही. आव्यातून निघालेला माल सरळ रंगाला जायचा. त्यांना तो माठ म्हणायचा नाही, बाहुल्या म्हणायचा. मला अंकुशा म्हणायचं पण बंद झालं. "किती बाहुल्या काढू, शेठ?" एवढंच विचारायचा. मी ते चेष्टेवारी न्यायचो.

माझ्या घरात मात्र शेवंतानं रंगाचा माठ येऊ दिला नाही. "मोर बाहीर शोभतो. सैपाकघरात मला तात्याभावजींचा जुनाच बरा," म्हणाली आणि तो शेवटपर्यंत वापरला. फ्रीज आणला तरी.

आता पाणपोईचं सांगतो. हे मी लेकीला सांगितलं नव्हतं.

चैत्राची यात्रा होती. स्टँडवर माणूस मावत नव्हता. तात्या सकाळी माठ मांडून, पाणी भरून, नात्यातल्या कुणाला तरी भेटायला गेला होता. मला वाटलं, एवढी माणसं येतात, पाणी पितात, जाहिरात आपोआप होईल. मी त्याचा माठ उचलून हॉटेलच्या मागं नेऊन ठेवला आणि त्या जागी मोराचा सगळ्यात मोठा माठ मांडला. माझ्या हॉटेलचं नाव पिवळ्या अक्षरात होतं त्याच्यावर.

दुपारी तात्या आला. माठ बघितला, पण गर्दी होती, लोक गलास पुढं करत होते. त्यानं पाणी द्यायला सुरुवात केली. एक बाई लेकराला पाजून स्वतः प्यायली.

"कसं हाय?" तात्यानं सवयीनं विचारलं.

"कोमट हाय की हो, बाबा," ती म्हणाली.

मागचा एक म्हातारा म्हणाला, "येरमाळ्याच्या पाण्याचं लई ऐकलं व्हतं. ह्येच का ते?"

तेवढ्यात तो कळंबचा कंडक्टर उतरला. एक घोट घेतला आणि मोठ्यानं म्हणाला, "तात्या, आज काय गाडीच्या रेडिएटरमधलं भरलंय का?" सगळी रांग हसली.

मी दहा पावलांवर चहाचा गलास धरून उभा होतो. तात्यानं मला बघितलं. बोट दाखवलं असतं तर सगळ्या स्टँडला कळलं असतं माठ कुणी बदलला आणि करणी कुणाची. त्यानं बोट दाखवलं नाही. म्हणाला, "चुकलं. माझी भाजणी चुकली."

मग तो उकिडवा बसला आणि त्या मोराला गाल लावला, सगळ्यांच्या समोर. लई वेळ तसाच बसला. लोक कुजबुजायला लागले, म्हाताऱ्याला चक्कर आली का काय. मग उठला, माठातलं पाणी झाडाच्या बुंध्याला ओतलं, माठ पालथा घातला आणि सायकल घेऊन गेला. त्यानंतर तिथं पाणपोई झाली नाही.

मी हातातला चहा तेवढा संपवला.

हे शेवंताला कुणीतरी सांगितलं. संध्याकाळी भाकरी वाढताना ती म्हणाली, "तुमी त्या माणसाचा हात बाटवला. उद्या जाऊन पाया पडा त्याच्या."

"धंद्यात असं होतंय," मी म्हणालो.

"धंदा तुमचा. नाव त्यांचं व्हतं," ती म्हणाली. मी पाया पडायला गेलो नाही.

पुढं साच्यातले तयार माठ ट्रकनं यायला लागले. सगळे एका मापाचे, गुळगुळीत, रंग झटक्यात बसायचा. तात्याच्या हातचे दोन माठ कधी सारखे नसायचे. कुणी बोललं तर म्हणायचा, "दोन लेकरं तरी सारखी असत्यात का?" गिऱ्हाइकाला मात्र जोडी सारखी पाहिजे. मी लक्ष्मीला सांगितलं की आता नुसतं रंगवायचं बघा, घडवायची खटपट नको. तात्याला मी नाही सांगितलं. घरातलं घरात सांगतील म्हटलं. त्यांनी सांगितलं असेल. एक दिवस गेलो तर चाक भिंतीला उभं करून ठेवलेलं होतं आणि तात्या खाटेवर बसून लिंबाकडं बघत होता. वर्षभरात अंगावरून वारं गेलं, उजवा हात लुळा पडला.

शेवंता मार्गशीर्षात गेली, सकाळच्या पारी. चूल पेटवता पेटवता खाली बसली ती बसलीच. दोन्ही लेकी लांब, त्या निघाल्या होत्या. भावकीतली माणसं लाकडाच्या तयारीला लागली. मडकं आणायला खरं तर घरचा माणूस जात नाही, दुसरं कुणीतरी जातं. पण मला तिच्याजवळ बसवेना. मीच गेलो.

आमच्याकडं मढ्याचं मडकं मागायचं नसतं. कुंभाराच्या दारात जाऊन गप उभं राहायचं, त्याला कळतं. लग्नाचं मडकं वाजवून घ्यायचं, मढ्याचं न वाजवता. बोलायचं नाही, भाव करायचा नाही, वळून बघायचं नाही. मी दारात उभा राहिलो. सगळं अंगण रंगीत माठांनी भरलेलं होतं. मोर, फुलं, 'वेलकम'. सगळा माझाच माल. त्यातलं एक मडकं खांद्यावर घेऊन शेवंताभोवती फिरायचं, असं माझ्या मनात आलं.

तात्या खाटेवर होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग अंगणाकडं. डाव्या हातानं भिंत धरून उठला आणि सुनेला माळ्याकडं बोट केलं.

"मामा, पर ते तर..." लक्ष्मी म्हणाली.

"काढ."

ती शिडी लावून वर चढली. जुन्या धोतरात गुंडाळलेलं एक मडकं खाली आणलं. कोरं. रंग नाही, काव सुद्धा नाही, नुसती भाजलेली माती. पोटावर थापटण्याच्या खुणा दिसत होत्या. तात्यानं ते मांडीवर घेतलं, सवयीनं गाल लावला आणि डाव्या हातानं माझ्यापुढं सरकवलं.

आम्हाला मुलगा नाही, म्हणून पाण्यानं भरलेलं मडकं माझ्याच खांद्यावर होतं. घरापासून ओढ्यापर्यंत जाईस्तोवर ते पाझरायला लागलं होतं. त्याची गार ओल माझ्या मानेला लागली, खांद्यावरून पाठीपर्यंत उतरली. एवढं आठवतं. बाकीचं त्या दिवसाचं फारसं आठवत नाही.

तेराव्याला लक्ष्मी भांडी घासू लागायला आली होती. जाताना उंबऱ्यात थांबली. "काका, सांगू नये, पर सांगते. ते मडकं मामांनी सोताला ठिवलं व्हतं. चाक उभं करून ठिवलं त्याच्या आदल्या दिवशी काढल्यालं, हातचं शेवटचं. मला म्हणायचे, मी गेलो की शेठच्या बाहुलीनं नेऊ नका मला."

हे ऐकून माणसानं त्याच पावली जायला पाहिजे होतं. मी दोन महिने गेलो नाही. त्या गल्लीनं जायचं टाळून मी म्हसोबाकडून वळसा घालून घरी यायचो. शेवटी गेलो, तर हरभऱ्याचं बोलत बसलो. घाटे कसे भरलेत, अळी किती पडली. तात्या ऐकत होता. मधेच म्हणाला, "वैनीचं नीट झालं ना?"

"झालं."

"पाझरलं का?"

"पाझरलं. खांदा भिजला माझा."

तो अर्ध्या तोंडानं हसला. अर्धं तोंड हलतच नव्हतं. "मग ब्येस. भाजणी जमली म्हणायची," म्हणाला. आणि लई वर्षांनी म्हणाला, "चहा घे, अंकुशा."

त्या वेळी बोलायला पाहिजे होतं. दोन शब्दांचं काम होतं. शेवंता सांगून गेलीच होती, पाया पडा. माझ्या तोंडातून निघालं, "नको तात्या, निघतो. माठांचा ट्रक यायचाय."

तात्या यंदा वैशाखात गेला. कुणी निरोप घेऊन आलं तसा मी उठून गेलो आणि त्याच्या दारात गप उभा राहिलो. पाय आपोआप थांबले तिथं. मग ध्यानात आलं की ज्याला न बोलता कळायचं, तो आत निजलाय. लक्ष्मी रडता रडता एकदा माळ्याकडं बघून गेली. महादू माझ्याजवळ आला. "काका, एक साधं मडकं कुठं मिळतंय का बघा की. बाबांचं तेवढंच मागणं व्हतं."

मोटारसायकलवर एकाला कळंबला पिटाळलं. तिथला कुंभार लग्नाला गेलेला, घराला कुलूप. उन्हाळ्याचे दिवस, मढं किती वेळ ठेवणार? माझ्या घरी शेवंताचा जुना माठ होता, पण मढ्याला वापरलेलं मडकं चालत नाही. अंगणात शंभर मडकी होती, सगळी रंगवून झालेली, आणि कुंभाराच्या मढ्याला एक मडकं नव्हतं.

मी त्यातलं सगळ्यात कमी रंगाचं एक उचललं. झेंडूच्या फुलांची वेल होती त्याच्यावर. लिंबाखाली बसलो आणि काचकागदानं घासायला लागलो. मग विटेनं घासलं, मग फरशीच्या तुकड्यानं. वरचा रंग निघाला. पण ऑइलपेंट मातीच्या आत, बारक्या भोकांत मुरलेला असतो. तो निघत नाही. अंगठ्याची साल गेली, तरी एक झेंडूचं फूल अर्धं राहिलंच. लोक बघत होते. कुणीतरी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तात्याला आंघोळ घालून बाहेर आणलं. डावा गाल धुऊन निघाला होता. दोन्ही गाल एका रंगाचे. इतक्या वर्षांत मी तो गाल पहिल्यांदा स्वच्छ बघितला आणि क्षणभर मला हा माणूस ओळखूच आला नाही.

मडकं मीच भरलं. काठोकाठ. महादूच्या खांद्यावर द्यायच्या आधी मी खाली बसून त्याला गाल लावला. कोरडं होतं. आत्ताच भरलंय, म्हणून असेल, वाटेत पाझरेल, असं मी मनाला सांगितलं. कुंभाराच्या शेजारी उभा जन्म काढलेल्या माणसाला एवढं तरी कळायला पाहिजे होतं.

भर उन्हात आम्ही ओढ्याकडं निघालो. मी महादूच्या मागं होतो. पुढं तात्या, मधे महादू, त्याच्या खांद्यावर ते मडकं, आणि मडक्यावरचं अर्धं फूल माझ्याकडं. सगळ्यांचे सदरे घामानं चिकटले होते. महादूच्या मानेवरून घाम वाहत होता. कोरं मडकं असतं तर एवढ्या वाटेत ओलं होऊन काळपट पडलं असतं. मी सारखं बघत होतो. ओढा आला, खाली ठेवलं, लाकडं रचली, परत उचललं, महादू फेऱ्याला लागला. दगडाचा पहिला टोला बसून भोकातून धार लागली, तोपर्यंत त्या मडक्याला बाहेरून पाण्याचा थेंब आला नव्हता.